पुणे, साडेचार तास

सोनेरी कडेच्या छापील कार्डावर
माझ्या गावाच्या वाट्याला एकच ओळ आलीय :
दिवस चौथा. पुणे. साडेचार तास. आरामदायी चपला घालाव्यात.

पहाटे गाडी थांबली तेव्हा
पडदा न उघडताच ओळखलं, घोरपडी.
ओलं लोखंड, कोळशाची जुनी राख
आणि कुठल्याशा क्वार्टरमध्ये एवढ्या लवकर पडलेली लसणाची फोडणी.
लखीरामनं दारावर दोनदा टकटक केलं,
चांदीच्या किटलीतून चहा ओतला, म्हणाला,
मॅडम, आज पुणे. बहुत पुराना शहर है.
मी म्हटलं, हो का.

एकतीस वर्षं ट्रंक एक्सचेंजमध्ये बसले.
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत,
आणि मी गावं जोडत गेले :
नाशिकला वडील सीरियस, मडगावला मनीऑर्डर नाही पोचली,
कोल्हापूरला मुलगा, मुलगा झाला, जोरात बोला, मुलगा!
नाशिक जरा घोगरं. मडगाव खरखरीच्या पलीकडे.
कोल्हापूर तर तारेशिवायही ऐकू आलं असतं.
सगळी गावं कानानं पाहिलेली,
म्हणून फंड मोडला.
भाचा म्हणाला, आत्या, एवढ्यात एक खोली वाढली असती.
वाढली असती.
पुसायलाही मलाच लागली असती.

नऊला बस. गार काचा, पाण्याच्या बाटल्या, पुढे गाइड,
ऋतुराज धुमाळ, कोवळा मुलगा, इस्त्रीचा फेटा.
पर्वतीला पायऱ्या एकशे आठ, म्हणाला.
एकशे तीन.
जिभेच्या टोकावर आलेलं मी गिळलं;
पुण्यात जन्मून हे जमलं, याची कुठे नोंद होत नाही.
मेलबर्नचे आजोबा दर वळणावर टोपी बदलत होते.
शेजारची जर्मन बाई, एल्के, विचारती झाली,
तुम्ही कुठल्या?
मी म्हटलं, इथलीच.
पण आज नाही.
ती हसली. मला वाटतं, तिला माझं इंग्रजी कळलं नाही.
मलाही नीटसं कळलं नव्हतं.

तुळशीबागेत खरेदीला वीस मिनिटं मिळाली.
मी एक किसणी घेतली. घरी दोन आहेत.

मग पर्वतीकडे जाताना नव्या पेठेत सिग्नलला बस अडली
ती बरोबर आमच्या बिल्डिंगसमोर.
दुसरा मजला. दोरीवर माझा निळा पंचा,
गुरुवारी घाईत राहिलेला, वाळून कडक पापड.
कुंडीतल्या ओव्याला खाडिलकरीण पाणी घालते आहे म्हणजे.
बाकी खिडकी बंद.
ऋतुराज माइकवर सांगत होता,
या भागात पूर्वी साधी, मध्यमवर्गीय माणसं राहत.
पूर्वी.

काय सुचलं कोण जाणे, मोबाइल काढून
घरचा नंबर लावला. लँडलाइन, अजून ठेवलाय,
खात्यातल्या माणसाला सवलत असते.
वाजायला लागला.
काचेतून काही ऐकू येत नव्हतं,
फक्त कानात ती टर्र-टर्र
आणि डोळ्यासमोर, वीस फुटांवर, बंद खिडकी.
आत, टीपॉयवर, क्रोशाच्या रुमालावर
तो एकटा वाजत असणार.
आयुष्यभर मी मधे बसले होते.
पहिल्यांदाच दोन्ही टोकांना मी होते
आणि मधे कुणीच नव्हतं.

सिग्नल सुटला. पुलापर्यंत मी कानाला धरून होते.

दीडला परत. जेवणात 'पुणेरी खासियत' :
आमटीत गुळाऐवजी साखर.
लखीरामनं विचारलं, कैसा लगा शहर?
म्हटलं, थोडं बघायचं राहिलं.
हो, म्हणाला, सबका रह जाता है. टाइम कम देते हैं.

दोनला गाडी हलली. सासवड रोडजवळ
फाटकाशी उभी दोन पोरं हात हलवत होती,
मला नाही, गाडीला.
मखमली पलंगावर मी आडवी झाले, चष्मा लावूनच,
आणि तोंडातून आपोआप निघालं, जुन्या त्या आवाजात,
जो मी निवृत्तीच्या दिवशी तिथेच ठेवून आले होते :
पुणे, नो रिप्लाय.
कॅन्सल करू, की बुक राहू दे?

उशीच्या वर कसलंसं बटण होतं. दाबलं,
तर दिवा लागला.
राहू दे, म्हटलं.